चारठाण्याच्या मुलांसाठी बी.एस्सी.तून इंजिनिअरिंगचा रस्ता

सीईटीचा निकाल लागला की चारठाण्यासारख्या गावात आपल्या वस्तीत एकच प्रश्न फिरतो : इंजिनिअरिंगला कुठे? पर्सेंटाइल बरे असेल तर संभाजीनगर, नांदेड, पुणे. कमी असेल तर जिंतूर नाहीतर परभणीला बी.एस्सी. आणि बी.एस्सी.ला गेला म्हणजे इंजिनिअरिंग सुटले, असे घरचेही धरून चालतात. आम्हाला हे धरून चालणे मान्य नाही.

अमेरिकेतील अटलांटा शहराचे उदाहरण बघा. तिथे मोरहाउस आणि स्पेलमन ही कृष्णवर्णीयांची दोन जुनी कॉलेजे आहेत. पहिले १८६७ चे, दुसरे मुलींचे, १८८१ चे. दोन्ही बाप्टिस्ट ख्रिश्चनांनी सुरू केलेली. तिथेच जॉर्जिया टेक ही नामांकित इंजिनिअरिंग संस्था आहे, पण तिने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पहिल्यांदा प्रवेश दिला तो १९६१ मध्ये. आठच वर्षांनी, १९६९ मध्ये, या कॉलेजांनी जॉर्जिया टेकशी दुहेरी पदवीचा करार केला. तीन वर्षे आपल्या कॉलेजात गणित, भौतिकशास्त्र आणि भाषा शिकायची, पुढची दोन वर्षे इंजिनिअरिंग संस्थेत. पाच वर्षांत दोन पदव्या. ज्याचा पाया कच्चा होता त्याला तो आपल्या माणसांत राहून पक्का करता आला. याच अटलांटा विद्यापीठात शिकवलेल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

मग आपल्याकडची ख्रिस्ती कॉलेजे? मुंबईत वांद्रे, माहीम, कुर्ला, बोरिवली इथे चांगली ख्रिस्ती इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. पण २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद १५(५) मध्ये खासगी संस्थांत आरक्षणाची तरतूद करताना अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत. त्यामुळे तिथे अनुसूचित जातीची जागा मागता येत नाही. आणि बौद्ध हेही अल्पसंख्याक असले तरी ख्रिस्ती संस्थेचा अल्पसंख्याक कोटा ख्रिश्चनांसाठी असतो. म्हणजे आपला मुलगा दोन्ही दारांच्या मधोमध उभा. गुणवत्तेवर खुल्या जागेत लागला तर लागला. (यात त्या कॉलेजांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या समाजासाठी संस्था उभ्या केल्या, आपणही केल्या आहेत.)

आता बी.एस्सी.कडे. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे गावात फार थोड्यांना माहीत असते. पण या रस्त्यात खड्डे आहेत. जागा आधी डिप्लोमावाल्यांना मिळतात, उरलेल्या यांना. पहिल्या वर्षाचे ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स वेगळे काढावे लागते. तीन अधिक तीन, अशी सहा वर्षे जातात आणि जागेची हमी नाहीच. शिवाय एका पदवीनंतर त्याच पातळीवरची दुसरी पदवी घेताना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अटी आड येऊ शकतात. म्हणून फॉर्म भरण्याआधीच परभणीच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘होईल हो’वर वर्ष घालवू नका.

यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली तेव्हा बराच गाजावाजा झाला. पण दिवसभर प्रॅक्टिकल असणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलाला तिचा उपयोग जेमतेम. खरी गरज आहे ती दोन कॉलेजांच्या कराराची. तीन वर्षांचे क्रेडिट पुढे धरले गेले पाहिजेत आणि पुढची जागा आधीच राखलेली पाहिजे. क्रेडिट साठवायची बँक तर नव्या शैक्षणिक धोरणात आलेलीच आहे.

हे सुरू कुठे करायचे? दूर जायला नको. संभाजीनगरच्या नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभ्या केलेल्या मिलिंदच्या परिसरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे विज्ञान महाविद्यालय आहे आणि इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. संस्था एक, आवार एक. दुहेरी पदवीचा पहिला प्रस्ताव विद्यापीठाकडे आणि एआयसीटीईकडे इथूनच जायला हवा. माजी विद्यार्थ्यांनी, त्यातही आज इंजिनिअर असलेल्यांनी, तो लिहायला बसावे. मराठवाड्यातल्या आमच्या संघटना दर जयंतीला निवेदने देतात, त्यात यंदा हा एक कागद वाढवता येईल.