प्यादं आठव्या घरात नेऊन तर पहा

"अख्खं बुद्धिबळ एका केबीच्या आत!" असं कुणी लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. परवा पुन्हा फिरलं, म्हणून ही नोंद.

सिंक्लेअरचा झेडएक्स ८१ हा घरगुती संगणक १९८१ सालचा. मेमरी १०२४ बाइट, पडद्यावरचं चित्रही त्यातच. डेव्हिड हॉर्न यांनी १९८२ मध्ये त्यावर बुद्धिबळ बसवलं, ६७२ बाइटमध्ये! युनिकोडात आपली देवनागरी दर चिन्हाला ३ बाइट खाते (काना-मात्रा वेगळ्या धरून), म्हणजे तेवढ्या जागेत २२४ चिन्हं. ही नोंदसुद्धा मावायची नाही. आणि या गृहस्थाने तिथे उलट चाल करणारा गडी कोंबला. सलाम, त्यात वादच नाही.

वाद आहे तो 'अख्खं' या शब्दाशी. कॅसलिंग, आं पासां आणि प्याद्याचा वजीर होणं, या तीन गोष्टी त्यात नाहीत. "किरकोळ नियम गाळलेत" म्हणून कौतुक करणारे तिन्ही एका दमात उरकतात. किरकोळ?

पहिल्या दोन गेल्या तर जाऊ देत. आपल्या जुन्या देशी डावात कॅसलिंग नव्हतंच, राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. प्यादं एकेक घरच चालायचं, मग आं पासांचा प्रश्न येतोच कुठे? त्या डावाला कोणी अर्धवट म्हणत नाही. पण शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याला बढती तिथेही होती.

बढती काढली की नुसता नियम जात नाही हो, डावाचा सगळा उत्तरार्ध जातो. राजा आणि एक प्यादं एवढंच उरलेला माणूस जिंकतो तो याच आशेवर. ती नसेल तर एक प्यादं जास्त मिळवायला जीव कशाला टाकायचा? मोहरी कापाकापीत संपली की डाव मेला.

हॉर्न यांचा दोष नाही, जागाच नव्हती. दोष आपला, आपण फक्त बाइट मोजतो. २०१५ मध्ये बूटचेस ४८७ बाइटमध्ये आलं तेव्हाही टाळ्या आकड्यालाच. उलट डॅन आणि कॅथ स्प्रॅकलेन या जोडप्याचं १९७८ चं सार्गॉन घ्या. जागा कित्येक पट लागली, पण वजीर होतो! त्याचं नाव आपल्यात कोण काढतं?

असो. ज्यांना पटत नसेल त्यांनी ६७२ बाइटवाल्या डावात एक प्यादं आठव्या घरात नेऊन पहावं, आणि पुढे काय झालं ते खाली प्रतिक्रियेत कळवावं. वाट पाहतोय.