निवासी संस्था कोण निवडणार? ऑटिस्टिक प्रौढांचा हक्क आणि पालकत्वाचा दाखला

दिल्लीतील रोहिणी येथे 'आशा किरण' ही बौद्धिक दिव्यांगांची सरकारी निवासी संस्था आहे. जुलै २०२४ या एका महिन्यात तेथील १४ जणांचा मृत्यू झाला. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे तेथे कोंबलेली होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील अशा संस्थांची पाहणी करण्याचे काम आठ राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे सोपवले. ही पाहणी गरजेचीच होती. पण ती माणूस आत गेल्यानंतरची आहे. मला त्याआधीच्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. संस्थेत जायचे की नाही आणि कोणत्या संस्थेत जायचे, हे ठरवतो कोण?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. कुठे राहायचे आणि कोणासोबत राहायचे हे दिव्यांग व्यक्तीने इतरांच्या बरोबरीने ठरवावे, असे त्याचे कलम १९ सांगते. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ५ हाच हक्क मान्य करते. मात्र विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये यासाठी सरकार 'प्रयत्न करील', अशी त्याची भाषा आहे. प्रयत्न केला नाही तर काय, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

प्रत्यक्षात ठरवतात आईवडील. तेही बहुधा एक जण गेल्यावर, दुसरा थकल्यावर, घाईत. 'आमच्यानंतर काय?' हा त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्यांना दोष देणे सोपे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, रात्रभर न झोपणाऱ्या तिशीच्या मुलासोबत राहून सकाळी धुणीभांडी करायला जाणाऱ्या आईला हक्काची भाषा सुनावणाऱ्यांपैकी मी नाही. पण तिच्या थकव्याचा फायदा व्यवस्था घेते, हे मात्र बोललेच पाहिजे. संस्थेत चौकशीला गेले की पहिला प्रश्न येतो, 'कायदेशीर पालकत्वाचा दाखला आहे का?' मुलाला काय आवडते, तो कसा बोलतो, कशाला घाबरतो, हे त्यानंतर, किंवा कधीच नाही.

हा दाखला नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली मिळतो. जिल्हाधिकारी ज्या स्थानिक स्तर समितीवर असतात, ती तो देते. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असल्यास नेमकी कशासाठी, हे समितीने आधी तपासायचे असते. २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्व त्याहून पुढचे आहे. ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार. दोन कायद्यांची दिशा वेगळी आहे, पण खिडकीवरच्या कारकुनाला ती कोण सांगणार? आणखी एक अडचण म्हणजे १९९५ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांच्या जुन्या कागदांवर 'मतिमंद' असे लिहिलेले आहे, आणि तो शब्द बघितला की त्यांना काही विचारायची गरजच कोणाला वाटत नाही. ('स्वमग्न' हा शब्द रूढ आहे, पण स्वतःतच मग्न म्हणून बाहेरच्या जगाशी देणेघेणे नाही, असा अर्थ लावून लोक मोकळे होतात. म्हणून मी 'ऑटिस्टिक' म्हणते.)

'त्याला काय कळतं' या वाक्याला सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच उत्तर दिले आहे. चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीवर तिथेच बलात्कार झाला. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. इतक्या मोठ्या बाबतीत तिचे मत मोलाचे ठरते, तर कोणत्या खोलीत झोपायचे याबाबत का नाही?

न बोलणारा माणूस निवड कशी करणार, असे विचारले जाते. माझ्या कामातले एक कुटुंब सांगते. मुलगा २९ वर्षांचा, मोजके शब्द बोलणारा, एका पायाने अधू आणि त्याला फिट्सही येतात. दोन संस्था पाहिल्या. पहिली नवी, चकचकीत, टीव्हीचा मोठा हॉल, जवळच दवाखाना. तिथे त्याने कानांवर हात ठेवले आणि गेटजवळच्या चपलांच्या रॅकपाशी जाऊन बसला. दुसरी जुन्या घरातली, बारा जणांची. तिथे तो थेट स्वयंपाकघरात शिरला आणि स्टीलची ताटे लहानमोठी लावू लागला. दोन्हीकडे तीन-तीन रात्री राहून पाहिले. पहिलीकडे तो जेवला नाही, दुसरीकडे दोन वेळा भात मागून घेतला. उत्तर याहून स्पष्ट काय हवे?

पण गोष्ट इथे सुटत नाही. दुसऱ्या संस्थेत रात्री नर्स नाही, आणि त्याच्या फिट्स बहुतेक रात्रीच येतात. आईचा जीव पहिलीकडे ओढतो. मी तिला चूक म्हणू शकत नाही. त्याची निवड मान्य करून ती सुरक्षित कशी करायची, हा खरा प्रश्न आहे. रात्रीच्या मदतनीसाला फिट हाताळायला शिकवता येते, औषधाचा तक्ता भिंतीवर लावता येतो, दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षावाला ठरवता येतो. संस्था तयार आहे, पण खर्च कोणी करायचा यावर अजून अडले आहे. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना २०२५ पासून दीड हजारांऐवजी अडीच हजार रुपये मिळू लागले, पण खासगी संस्थेची फी त्यात भागत नाही. नॅशनल ट्रस्टची प्रौढांसाठी 'घरौंदा' योजना आहे, तिची केंद्रे मोजकी. निवड करायला दोन दारे तरी उघडी हवीत. गरीब घराला बहुतेक वेळा एकच दार असते, कधी तेही नाही.

आपल्या कार्यकर्त्यांचा उपयोग इथे आहे. जातीच्या दाखल्यांसाठी आपण शिबिरे घेतो, तहसीलच्या खिडकीवर भांडतो. तसेच एखाद्या कुटुंबासोबत संस्था पाहायला जा, आणि त्या ऑटिस्टिक व्यक्तीला घरी ठेवून जाऊ नका. २०१६ च्या कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असायला हवे, ते आधी बघा. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी, ते विचारा. शांत करण्यासाठी औषध कोण देतो, कोणाच्या सहीने? दाराला आतून कडी आहे का? ट्यूबलाइटचा गुणगुणाट, फिनेलचा वास, जेवणाच्या वेळचा गोंगाट याकडे तुमचे लक्ष जाणार नाही, त्याचे जाईल. त्याच्याकडे बघत राहा. अंडे, सुकट, बोंबील चालतात का, हेही विचारा. ज्याच्या जेवणात मोजून चार पदार्थ आहेत, त्याच्यासाठी हा उपासमारीचा प्रश्न असतो. संस्था धार्मिक ट्रस्टची असेल तर आरतीला बसणे सक्तीचे आहे का, आणि त्याला घरी ऐकायची सवय असलेली वंदना मोबाइलवर लावता येईल का?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही गॉफमनची 'टोटल इन्स्टिट्यूशन' शिकलो: झोप, काम, विरंगुळा, सगळे एका छताखाली आणि एकाच वेळापत्रकात. संस्था चांगली असली तरी हा धोका उरतोच. म्हणून दाखल करतानाच सुट्टीत घरी येणे, पाहुण्यांनी न कळवता भेटणे आणि सहा महिन्यांनी 'इथे राहायचे का' हे पुन्हा विचारणे, या तीन गोष्टी लेखी घ्या. पालकत्वाचा अर्ज करावाच लागला, तर कशासाठी हवे ते अर्जात नेमके लिहा: बँक खाते, उपचारांची संमती, जे असेल ते. 'सर्व निर्णय' असे लिहू नका. आणि समितीपुढे त्याला सोबत न्या. चित्रे, फोटो, त्याचे मोजके शब्द, त्या तीन रात्रींची वही, सगळे बरोबर ठेवा.