बास्करव्हिलची माती

शेतकरी-कारागीर बंधूंनो, मेल्यावर माणसाची माती कोणाच्या मालकीची? इंग्लंडांतील बर्मिंगहॅम गांवच्या जॉन बास्करव्हिलची हकीकत ऐका. हा आरंभीं थडग्यांच्या दगडांवर अक्षरें कोरी. पुढें जिनसांना रोगण चढवून त्यानें पैका मिळविला, छापखाना काढला, आणि १७६३ सालीं केंब्रिज विद्यापीठाचें बायबल सुबक अक्षरांत छापलें. तरी गांव त्याला चक्रमच म्हणे! कां? तो जरतारी कपडे घाली आणि धर्मगुरूंचें थोतांड मानीत नसे. १७७५ सालीं तो वारला. मृत्युपत्राप्रमाणें त्याला स्वतःच्याच आवारांत, पाद्र्यांनीं पवित्र न केलेल्या मातींत पुरलें. पण १८२१ सालीं कालव्याच्या कामांत त्याची शिशाची पेटी वर निघाली. मढ्याचा तमाशा झाला. आणि शेवटीं तें ठेवलें कोठें? ख्रिस्ती देवळाच्या तळघरांत! तें देऊळ पाडलें, तेव्हां पुन्हा चर्चच्याच दफनभूमींत! ज्यानें त्यांचा धर्मग्रंथ छापून दिला, त्याचा चार ओळींचा शेवटचा लेख त्यांना पाळवला नाहीं. मग चक्रम कोण? बंधूंनो, आपली इच्छा नुसती लिहून ठेवूं नका. ती पाळणारीं मुलें घरांत तयार करा.