पुलाखालचा रस्ता

नोकरीच्या मुलाखतीसाठी सोलापूरहून पहिल्यांदा मुंबईत आलो, तेव्हा टॅक्सी जे. जे. उड्डाणपुलावरून सुसाट गेली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे दिसले. खालचा मोहम्मद अली रोड दिसलाच नाही.

परवा तो पायी चाललो. हातगाड्या, अत्तराची दुकाने, मिनारा मशीद. जवळच युसुफ मेहेरअली रोडची पाटी दिसली. कोण हे, मला ठाऊक नव्हते. मोबाईलवर शोधले. ‘भारत छोडो’ आणि ‘सायमन गो बॅक’ या घोषणा ज्यांच्या मानल्या जातात, जे १९४२ मध्ये तुरुंगात असताना मुंबईचे महापौर म्हणून निवडून आले, ते हे! डोक्यावरच्या पुलालाही सूफी विद्वान मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. म्हणतो मात्र सगळेच ‘जे. जे. पूल’.

लोकांना आपले मोहल्ले फक्त रमजानमधल्या मालपुव्यापुरते आठवतात, ही आपली तक्रार खरी आहे. पण आपण तरी तिथे आणखी कशासाठी जातो? पुढच्या वेळी इफ्तारीला जाल तेव्हा अर्धा तास आधी निघा. धाकट्या भावंडांना सोबत घ्या आणि रस्त्यांच्या पाट्या वाचा. या शहरावरचा आपला हक्क तिथे कधीचाच लिहून ठेवलेला आहे.