सरखेलांच्या खलाशाला काडतुसे कशाला?

वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसे तयार होतात. शोभायात्रेत कान्होजी आंग्र्यांच्या खलाशाच्या छातीवर काडतुसांचा पट्टा दिसला, तर निदान या गावाला तरी तो खटकावा. धातूचे काडतूस एकोणिसाव्या शतकातले. कान्होजी १७२९ मध्येच निवर्तले. तोड्याच्या बंदुकीला दारू वेगळी, गोळी वेगळी, पेटती दोरी वेगळी; समुद्राच्या तुषारांत ती विझू न देणे हीच खरी कसरत.

पट्ट्याची चूक अज्ञानाची, समजण्याजोगी. डोळ्यावरची काळी पट्टी आणि कवटीचा झेंडा मात्र अक्षम्य. इंग्रज कंपनी ज्यांना चाचे म्हणे, ते १७१३ पासून शाहू छत्रपतींचे सरखेल होते. चित्रपटातला वेश चढवणारा तरुण नकळत कंपनीच्याच बाजूने साक्ष देतो. त्यापेक्षा सुताची दोरी घ्यावी, टोक जाळून काळे करावे.