राजूरला पायी निघताना अंगात काय घालाल?

अंगारकी हिवाळ्यात आली की राजूरच्या गणपतीला रात्रीच पायी निघणाऱ्यांनी रस्ता फुलून जातो. काही वर्षांपूर्वी मीही असाच निघालो होतो, चांगलं जाड अस्तराचं जर्किन घालून. तासाभरात आतलं सुती बनियन पिळून काढावं इतकं भिजलं. चालत होतो तोवर काही कळलं नाही. चहाला एका टपरीवर टेकलो आणि पाच मिनिटांत दात वाजायला लागले. शेजारी एक म्हातारबा घोंगडी पांघरून निवांत बिडी ओढत बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढं मोठं जर्किन घालून कुडकुडतो का रं?"

मला थंडी बाधली नव्हती, माझाच घाम बाधला होता. म्हणून पायी जाणाऱ्यांना, भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरापोरींना आणि डोंगर चढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: चालताना जाड घालू नका. पातळ फ्लीस घ्या.

आपण कापूस पिकवणारी माणसं. आपल्यालाच सुती घालू नका म्हणायचं, हे जरा जिवावर येतं. उन्हाळ्यात सुतीसारखं सुख नाही, हे खरंच आहे. पण सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. ओलं सूत अंगाला चिकटलं की ते वाळवायला अंगातलीच ऊब खर्ची पडते. पॉलिस्टरचा धागा जवळपास पाणी पीतच नाही. त्या धाग्याचं विणलेलं कापड खरवडून त्याची लव फुलवली की झालं फ्लीस. लवेत हवा अडकते, ऊब त्या हवेची. घाम मात्र आरपार निघून जातो. ऊब धरण्याच्या बाबतीत मेंढीच्या लोकरीचंही गणित बरंचसं असंच, म्हणून तर म्हातारबा निवांत होते. पण घोंगडी पांघरून भरतीचे 1600 मीटर पळता येत नाहीत.

हे कापड फार जुनं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्स या गिरणीनं ते 1979च्या सुमारास काढलं. गिरणीचे मालक ॲरन फॉयरस्टाइन यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही, म्हणून जगभर कुणीही ते विणू लागलं. आज ते तालुक्याच्या बाजारात हातगाडीवरही मिळतं. अर्थात हातगाडीवर सगळं खरं असतंच असं नाही, म्हणून निवडायचं कसं ते सांगतो.

आधी आतली चिठ्ठी वाचा. पुष्कळदा दुकानदार "फ्लीस" म्हणून जे हूडी दाखवतो, ते आतून लव फुलवलेलं सुतीमिश्रित कापड असतं. हाताला मऊ लागतं, पण भिजलं की माझ्या बनियनचाच भाऊ. चिठ्ठीवर 100 टक्के पॉलिस्टर पाहिजे. चांगल्या मालावर वजनही दिलेलं असतं: 100, 200 किंवा 300, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. चालण्या-पळण्याला 100च्या आसपासचं पुरे. 200 थांबून राहणाऱ्याला बरं. 300 घालून चढण चढाल तर माझी गत होईल. वजन लिहिलेलं नसेल तर कापड दिव्यासमोर धरा. थोडा उजेड झिरपला पाहिजे. तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडच्या हाताला वारा लागला पाहिजे. मग मुठीत चुरगाळून सोडा. लव लगेच उभी राहिली तर माल टिकाऊ. चपटीच राहिली तर दोन धुण्यांत तिच्या गोळ्या होणार. आतून शंकरपाळ्यासारख्या उंचसखल चौकटी असलेलं मिळालं तर उत्तमच, घाम त्या खाचांतून पटकन निघतो.

गळ्यापासून छातीपर्यंत चेन हवीच. चढावर उघडायची, उतारावर लावायची, कपडा काढायची गरज पडत नाही. खांद्यावर पिशवीचा पट्टा येतो तिथे जाड शिवण नको. माप अंगाबरोबर घ्या. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून पोराला दोन मापं मोठं घेतलं तर त्यातून वारा खेळतो. आत सुती बनियन नको, खेळाचा पातळ टी-शर्ट घाला. नाहीतर फ्लीसचे पैसे पाण्यात.

आणि घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उंबऱ्यातच ऊब वाटत असेल तर अंगात एक कपडा जास्त आहे.

आता त्याच्या खोडीही ऐका. फ्लीस वारा अडवत नाही. मोटारसायकलवर नुसतं फ्लीस म्हणजे काही न घातल्यासारखंच. वर जुना पातळ रेनकोट चढवा, तेवढ्यानं काम होतं. दुसरी खोड कुसळांची. रात्रीची लाईट आली म्हणून गव्हाला दारं धरायला फ्लीस घालून गेलात तर गोखरू आणि कुसळं अशी चिकटतात की सकाळी बायकोसमोर बसून एकेक उपटावं लागतं. शेतात वरून जुना शर्ट घालाच.

शेकोटीचं मात्र गमतीवारी नेऊ नका. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेकायला बसायचं तर ते काढून ठेवा, खांद्यावर घोंगडी नाहीतर सुती चादर घ्या. लेकरांच्या बाबतीत तर हे विसरूच नका.

धुताना गार पाणी, उलटं करून, थोडी पावडर. दगडावर आपटू नका, ब्रश लावू नका, इस्त्री तर अजिबात नको. वारंवार धुऊही नका. प्रत्येक धुण्यात त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू सुटतात आणि ते शेवटी आपल्याच केळना नदीत जातात. घाम आत टी-शर्टलाच लागतो, तो रोज धुवा, फ्लीस आठवड्यानं चालतं.

अंधारात रस्त्यानं चालणार असाल तर काळं-निळं घेऊ नका. पिवळं, नारिंगी घ्या, आणि पाठीवर रेडियमची पट्टी शिवून घ्या. शिंपी नाही म्हणत नाही. घाई नसेल तर थंडी सरताना खरेदी करा. गाडीवाले गाठोडी बांधायला लागले की भाव आपोआप उतरतो. तेव्हाही फुंकर मारून बघायला लाजू नका.