‘बेणे’ : शिवी की कौतुक?

आमच्या सीमाभागात एखाद्यास ‘बेणं’ म्हटले तर त्याचा अर्थ काय घ्यावा, हा प्रश्न वरकरणी गमतीचा वाटेल. आमच्यापुढे तो न्यायालयात आला आणि तेथे त्यातली गंमत राहिली नाही.

शब्द मूळचा शेतातला. ज्वारीचे, भाताचे असते ते बियाणे. पण ऊस, हळद, आले, बटाटा यांचा जो तुकडा किंवा कंद पुन्हा जमिनीत लावावयाचा, ते बेणे. निपाणी-चिकोडीकडच्या शेतकऱ्यास हा भेद सांगावा लागत नाही. उसाचे बेणे कोवळे, दहा-अकरा महिन्यांच्या आतबाहेरचे हवे, डोळे फुगीर हवेत, खोडव्याचे तर घेऊच नये, हे तो बापाकडून शिकलेला असतो. आणि बेण्यातून जो ऊस उगवतो तो मूळ उसाच्याच जातीचा. गुण असो वा खोड, जशीच्या तशी पुढे येते.

माणसाला बेणे म्हणण्याचे मूळ आमच्या मते याच गोष्टीत आहे. ‘लई बेणं हाय बघ ते’ असे म्हणणारा त्या माणसाचा बिलंदरपणा तर सांगतोच, शिवाय तो उपजत आहे, घराण्यातून आला आहे, हेही सुचवतो. मागे ‘इरसाल’ लागले की त्यात जवळजवळ शाबासकी येते. आजी नातवास बेणे म्हणते तेव्हा ती स्वतःच्याच वंशाचे कौतुक करीत असते. हाच शब्द बांधावरच्या भांडणात, समोरच्याच्या बापाचे नाव जोडून उच्चारला, तर तो झोंबतो. शब्द तोच, नातेही कधीकधी तेच; फरक फक्त स्वराचा.

त्यात भर नपुंसकलिंगाची. ‘ते कार्टं’, ‘ते येडं’, ‘ते बेणं’ असे म्हणताना मराठी माणूस माया आणि तुच्छता एकाच प्रत्ययात बसवतो. हिंदीत हे लिंगच नसल्यामुळे तेथे हे साधत नाही. कन्नडला मात्र ते परके नाही. तिथेही मूल, म्हणजे ‘मगु’, नपुंसकलिंगीच चालते. आमच्या कन्नड शेजाऱ्यास बेण्यातली माया समजावून सांगितली तर तो हसून मान डोलावतो. अडचण उभी राहते ती कागदावर.

काही वर्षांपूर्वीचे प्रकरण. उसाच्या बांधावरून चुलता-पुतण्यात वाद झाला आणि चुलत्याने चारचौघांत पुतण्यास बेणे म्हटले. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली गेली. तीत शब्द उमटला ‘केट्ट तळी’, म्हणजे वाईट जात, वाईट वाण. एवढ्यावर भारतीय दंडसंहितेचे कलम 504 लागले : शांतताभंग व्हावा म्हणून हेतुपुरस्सर केलेला अपमान. आम्ही चुलत्याचे वकील. साक्षीला घरातलीच एक वृद्ध बाई आली. तिला विचारले, हा शब्द आरोपीने वापरला काय? ती हसली आणि म्हणाली, ‘सगळ्या घरानं त्येला ल्हानपणापास्नं बेणंच म्हटलंय.’ जबानीत नोंद झाली ती एवढीच की, आरोपीने सदर शब्द वापरला हे साक्षीदारास मान्य आहे. ते हसणे कोठेच लिहिले गेले नाही. पुढे दोघांत तडजोड झाली, म्हणून निभावले.

कायदा याबाबतीत आंधळा आहे असे नाही. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून निराळ्या भाषेत बोलला, तर शक्य असल्यास त्याच भाषेत जबानी घ्यावी, अन्यथा खरे भाषांतर करावे, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 277 मध्ये होती. आज ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 312 मध्ये आहे. पण ‘बेणे’चे खरे भाषांतर कोणते? ‘वाण’ म्हटले तर माया गेली, ‘लबाड’ म्हटले तर घराणे गेले. भाषांतर करणाऱ्याने एक शब्द निवडला की अपमान झाला किंवा नाही याचा निम्मा निवाडा त्यानेच करून टाकला. तो अधिकार न्यायाधीशाचा आहे. सीमाभागात मराठीतून कागद मिळावेत, ही मागणी आम्ही करतो तेव्हा ती केवळ अस्मितेची आहे असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवावे.

आता अनेक शेतांत ट्रेमधली तयार ऊसरोपे लावतात. नव्या पिढीतल्या वकिलांना ‘बेणे’ म्हणजे काय हे विचारावे लागते, आणि ते विचारीत नाहीत, अंदाज करतात.

तेव्हापासून आम्ही एक पद्धत ठेवली आहे. असा शब्द साक्षीत आला की तो अवतरणचिन्हांत, देवनागरीत, बोलला तसाच लिहून घ्यावा अशी विनंती न्यायालयास करतो. नंतर साक्षीदारासच विचारतो : तुमच्या घरी हा शब्द कोणाला म्हणतात, आणि केव्हा? विनंती काही ठिकाणी मान्य होते, काही ठिकाणी होत नाही. झाली नाही तर तसा अर्ज लेखी देतो, म्हणजे निदान अर्जाच्या रूपाने तो शब्द फाईलीत राहतो.